शब्दशंका : ‘सॉरी’ कोणाचे आणि कशाबद्दल?

‘सॉरी’ हा शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की तो वापरताना कोणी थबकत नाही; थबकावे लागते ते इंग्रजी बोलणाऱ्याने तो आपल्याला उद्देशून वापरला म्हणजे. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतले या शब्दाविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सदराच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे निधन झाल्याचे कळवल्यावर परदेशातील एका सहकाऱ्याने ‘आय ॲम सो सॉरी’ एवढेच उत्तर पाठवले. त्याची काहीच चूक नसताना त्याने माफी का मागावी? मी त्यावर ‘इट्स ओके’ असे लिहिले, ते योग्य झाले का?

तुमच्या सहकाऱ्याने माफी मागितलेली नाही. तुमच्या दुःखाने आपल्यालाही वाईट वाटले, एवढेच त्याने म्हटले आहे, आणि या शब्दाचा मूळचा अर्थ हाच आहे. जुन्या इंग्रजीत ‘सारिग’ असे एक विशेषण होते आणि ते ‘सार’ म्हणजे वेदना या नामापासून तयार झाले होते. आजच्या इंग्रजीत घसा दुखत असला की ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ आणि हा ‘सॉरी’ एकाच मुळाचे. जर्मन भाषेत ‘फार’ या अर्थी रोज वापरला जाणारा ‘झेअर’ हा शब्दही याच कुळातला आहे. ‘वेदना होईल इतके’ या अर्थापासून तो नुसत्या ‘फार’पर्यंत उतरला, जसे आपणही एखादी गोष्ट ‘भयंकर आवडली’ असे बिनदिक्कत म्हणतो. गंमत अशी की ज्याच्याशी ‘सॉरी’चे नाते सर्वांना उघड वाटते, तो दुःखवाचक ‘सॉरो’ मात्र वेगळ्या मुळापासून आला आहे. दोहोंचे अर्थ जवळचे असल्यामुळे ‘सॉरी’मधला स्वर ‘सॉरो’सारखा झाला आणि ते एकाच घरचे वाटू लागले.

म्हणजे हा शब्द प्रथम मनाची अवस्था सांगतो. बोलणाऱ्याच्या मनाला काही तरी लागले आहे, इतकेच त्यातून कळते. ते कशामुळे लागले आणि त्यात दोष कोणाचा, हे तो सांगत नाही. दुसऱ्यावर कोसळलेल्या प्रसंगामुळे मनाला लागले असेल तर ती सहानुभूती झाली. स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टीमुळे लागले असेल तर तो पश्चात्ताप झाला. आणि तोच पश्चात्ताप ज्याला त्रास झाला त्याच्यापुढे बोलून दाखवला की त्याची माफी होते. मराठीत या तिन्ही ठिकाणी ‘ऐकून वाईट वाटले’, ‘माझे चुकले’ आणि ‘माफ करा’ असे निरनिराळे बोल आहेत. आपण ‘सॉरी’ उचलला तो केवळ शेवटच्या दोन अर्थांनी, आणि पहिला अर्थ इंग्रजीतच राहिला; म्हणून सांत्वनाच्या पत्रात तो भेटला की दचकायला होते. आपल्याकडचा ‘दिलगीर’ हा शब्दही याच वाटेने आला आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ खिन्न, दुःखी असा होता. आज मात्र ‘दिलगिरी व्यक्त केली’ असे वाचले की कोणी तरी मोजूनमापून माफी मागितली आहे असेच आपण समजतो.

‘इट्स ओके’ हे उत्तर माफीला द्यायचे असते. सांत्वनाच्या ‘सॉरी’ला साधे ‘थँक यू’ म्हणावे, किंवा ‘थँक यू फॉर युवर काइंड वर्ड्स’ असे लिहावे. तुमच्या उत्तराने सहकारी दुखावला असेल असे मात्र मुळीच नाही, कारण अशा प्रसंगी कोणी शब्द तोलत बसत नाही. उद्या तुमच्यावर असे पत्र लिहिण्याची वेळ आली तर ‘आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस’ असे लिहा. ‘आय फील सॉरी फॉर यू’ असे लिहू नका. दुसऱ्या वाक्यात कीव आहे, आणि ती वरून खाली केली जाते.

प्रश्न : ‘सॉरी’नंतर कधी ‘फॉर’, कधी ‘टु’, कधी ‘अबाउट’ येते. याचा काही नियम आहे का? आमच्या कार्यालयातील तरुण मंडळी ‘सॉरी फॉर लेट’ असे लिहितात, ते मला खटकते.

खटकते ते बरोबरच खटकते. ‘फॉर’नंतर नाम हवे किंवा नामासारखे वागणारे क्रियापद हवे, आणि ‘लेट’ हे त्या जागी बसणारे नाम नाही. म्हणून ‘सॉरी फॉर बीइंग लेट’ किंवा त्याहून सोपे ‘सॉरी आय ॲम लेट’ असे म्हणावे. ‘सॉरी फॉर डिस्टर्ब’ ही चूकही याच घडणीची आहे. ‘उशिराबद्दल’, ‘त्रासाबद्दल’ या मराठी रचनेतल्या ‘बद्दल’च्या जागी ‘फॉर’ ठेवून पुढचा शब्द जसाच्या तसा सोडला की अशी वाक्ये तयार होतात.

आता नियमांकडे वळू. ‘टु’ आणि क्रियापद आले की गोष्ट बहुधा या क्षणी घडत असते किंवा घडणार असते. दार ठोठावून आत डोकावणारा माणूस ‘सॉरी टु डिस्टर्ब यू’ म्हणतो. काम आटोपून निघताना तोच माणूस ‘सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू’ म्हणेल. वाईट बातमी ऐकताना किंवा सांगतानाही ‘टु’ येते, जसे ‘सॉरी टु हिअर दॅट’ किंवा ‘आय ॲम सॉरी टु से’. घडून गेलेल्या कृतीसाठी ‘फॉर’ आणि ‘इंग’ने संपणारे क्रियापद, तर वस्तू किंवा परिस्थिती असेल तर ‘फॉर’ आणि ‘अबाउट’ दोन्ही चालतात. रोजच्या बोलण्यात ‘सॉरी अबाउट द नॉइज’ अधिक ऐकू येते आणि सूचनाफलकावर ‘सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स’ दिसते. जिथे काहीच सुचत नाही तिथे ‘सॉरी’नंतर थेट पूर्ण वाक्य ठेवावे. ‘आय ॲम सॉरी आय फर्गॉट युवर बुक’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि त्यात अव्ययाची अडचणच येत नाही.

पुढे माणूस आला की मात्र सावध राहावे लागते. ‘आय ॲम सॉरी फॉर माय ब्रदर’ असे म्हटले तर ऐकणारा बहुधा समजेल की भावावर काही वाईट वेळ आली आहे आणि तुम्हाला त्याची दया येते. ‘आय ॲम सॉरी अबाउट माय ब्रदर’ म्हटले, तर भाऊ काही तरी वेडेवाकडे बोलून किंवा वागून गेला आहे आणि तुम्ही त्याच्या वतीने ओशाळला आहात असा अर्थ होण्याची शक्यता अधिक. एका अव्ययाने भाऊ पीडित ठरतो की अपराधी, हे बदलते.

आणखी एक चूक या निमित्ताने सांगून टाकतो, कारण ती फार मोठ्या प्रमाणावर होते. मराठीत आपण ‘त्याला सॉरी म्हटले’ असे म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘आय सेड हिम सॉरी’ असे वाक्य तयार होते. ‘से’ या क्रियापदाला व्यक्ती अशी थेट जोडता येत नाही. ‘आय सेड सॉरी टु हिम’ हे बरोबर. ‘अपॉलजाइझ’ हे क्रियापद वापरले तर माणसासाठी ‘टु’ आणि कारणासाठी ‘फॉर’ अशी दोन्ही अव्यये घ्यावीत : ‘आय अपॉलजाइझ्ड टु हर फॉर द डिले’.

प्रश्न : सामन्याच्या वृत्तांतात ‘कट अ सॉरी फिगर’ असे वाचले. हरलेल्या संघाने माफी मागितली, असा अर्थ घ्यायचा का?

नाही. ‘सॉरी’ नामाच्या आधी, त्याला चिकटून आला की त्याचा अर्थ दयनीय, केविलवाणा, पाहूनच वाईट वाटावे असा होतो. ‘अ सॉरी साइट’, ‘अ सॉरी स्टेट’ आणि ‘अ सॉरी एक्स्क्यूज’ ही सगळी याच जातीची. संघाने केविलवाणे दर्शन घडवले, एवढेच तुमच्या वृत्तांताला म्हणायचे आहे. खंत वाटणारा माणूस दाखवायचा असेल तर त्याला ‘अ सॉरी मॅन’ म्हणून भागत नाही, कारण त्यातून तो माणूस केविलवाणा ठरतो. ‘द मॅन वॉज सॉरी’ असे म्हणावे लागते.

प्रश्न : वाहन चालवणाऱ्या एका नातेवाइकाला परदेशात असा सल्ला मिळाला की अपघात झाला तर चुकूनही ‘सॉरी’ म्हणू नये, कारण तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरतो. एका शब्दाला एवढे वजन खरेच असते का?

हा सल्ला भीतीपोटी दिला जातो आणि त्या भीतीला आधार आहे. पण अनेक ठिकाणी कायद्यानेच ती कमी केली आहे. वर सांगितलेले सहानुभूती आणि कबुली हे दोन अर्थ वेगळे करण्याचे काम येथे कायद्याला करावे लागले, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ साली असा कायदा केला की अपघातानंतर जखमी व्यक्तीबद्दल किंवा तिच्या कुटुंबाबद्दल व्यक्त केलेली सहानुभूती दिवाणी दाव्यात दायित्वाचा पुरावा म्हणून मांडता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यातील कलम ११६० त्याच वाटेने जाते, पण रेषा आणखी स्पष्ट आखते : सहानुभूतीचे बोल पुराव्यातून वगळले जातात, मात्र त्यांच्यासोबत दोषाची कबुली आलेली असेल तर ती वगळली जात नाही. म्हणजे ‘तुम्हाला लागले, आय ॲम सो सॉरी’ हे वाक्य चालकाविरुद्ध वापरता येत नाही. ‘आय ॲम सो सॉरी, माझे सिग्नलकडे लक्ष नव्हते’ या वाक्यातला दुसरा भाग वापरता येतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि ऑन्टारिओने २००९ मध्ये केलेले कायदे याहून उदार आहेत. तेथे माफीत दोष मान्य केला असला तरी दिवाणी प्रकरणात नुसत्या माफीवरून दायित्व ठरवता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या भरपाईविषयक कायद्याचे दुसरे कलम सांगते की माफी मागणे हीच काही निष्काळजीपणाची कबुली नव्हे. तुमच्या नातेवाइकाने तेथील नियम तेथील वकिलाकडून जाणून घ्यावेत हे खरे. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाला ‘सॉरी’ म्हणण्याचीही धास्ती वाटावी इतका हा शब्द धोकादायक नाही. धोका त्याच्यापुढे जोडलेल्या वाक्यात असतो.

या दुहेरी अर्थाचा जाणूनबुजून उपयोग झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण राजनैतिक व्यवहारातले आहे. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान दक्षिण चीन समुद्रावर एकमेकांवर आदळले. चिनी वैमानिक वांग वेई मृत्युमुखी पडला, आणि हायनान बेटावर परवानगीविना उतरलेल्या अमेरिकी विमानातील २४ जणांना चीनने ताब्यात ठेवले. चीनला माफी हवी होती. अमेरिका दोष मान्य करायला तयार नव्हती. शेवटी अमेरिकी राजदूत जोसेफ प्रूअर यांच्या पत्रात ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोन ठिकाणी आले. एकदा ते वैमानिकाच्या मृत्यूबद्दल चिनी जनतेला आणि त्याच्या कुटुंबाला उद्देशून होते, आणि एकदा तोंडी परवानगी न घेता चीनच्या हद्दीत शिरून विमान उतरवल्याबद्दल. चिनी माध्यमांनी त्याचे भाषांतर ‘मनापासून क्षमायाचना’ या छटेचे केले, अमेरिकेने ही माफी नसल्याचे सांगितले, आणि ११ दिवसांनी ते २४ जण सुटले. दोन्ही सरकारांना आपापल्या जनतेसमोर हवा तो अर्थ काढता येईल असा दुसरा शब्द इंग्रजीत सापडणे कठीण होते.

ऑस्ट्रेलियात याच्या अगदी उलट घडले. तेथे लोकांना हा शब्दच हवा होता. आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या कुटुंबांतून सरकारी धोरणाने मुले काढून नेली गेली होती. त्याविषयीचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला आणि २६ मे १९९८ रोजी पहिला ‘सॉरी डे’ पाळला गेला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत मांडलेल्या ठरावात ‘रिग्रेट’ हा शब्द होता, ‘सॉरी’ नव्हता. पूर्वीच्या पिढ्यांच्या कृत्यांसाठी आजच्या पिढीने माफी मागू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात हजारो लोक सिडनी हार्बर पुलावरून चालत गेले, तेव्हा एका विमानाने वर आकाशात धुराने ‘सॉरी’ ही अक्षरे काढली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत ‘वी से सॉरी’ हे शब्द उच्चारले, आणि त्याच भाषणात ‘अपॉलजाइझ’ हे क्रियापदही वापरले. दोन्ही शब्द एकत्र आल्यावर केवळ खंत वाटली की माफीही मागितली, या वादाला जागा उरली नाही.

या दोन शब्दांमधला फरक ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत नेमका दाखवला आहे. ‘आय अपॉलजाइझ’ म्हणणे हीच माफी मागण्याची कृती असते; ‘आय रिपेंट’ हे मनाचे वर्णन असते; आणि ‘आय ॲम सॉरी’ या दोहोंच्या मध्ये, अर्धे वर्णन आणि अर्धी कृती असे लोंबकळत राहते. वकील, राजदूत आणि पंतप्रधान ज्याच्याशी झगडत होते ते हेच लोंबकळणे. जाता जाता, ‘अपॉलजी’ या शब्दाचा ग्रीक पूर्वज ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेले उत्तर, स्वतःचा बचाव. सॉक्रेटिसने इसवी सनपूर्व ३९९ मध्ये न्यायालयात केलेले भाषण या नावाने ओळखले जाते, आणि त्यात त्याने माफी मुळीच मागितलेली नाही.

प्रश्न : गर्दीतून वाट काढताना ‘सॉरी’ म्हणावे की ‘एक्स्क्यूज मी’? आणि समोरच्याने आपले बोलणे संपताच ‘सॉरी?’ असे विचारले तर त्याचा अर्थ काय?

साधारणपणे त्रास देण्याआधी ‘एक्स्क्यूज मी’ आणि दिल्यावर ‘सॉरी’. वाट हवी असेल तर पहिले, पायावर पाय पडला तर दुसरे. अमेरिकेत हलकासा धक्का लागल्यावरही ‘एक्स्क्यूज मी’ म्हणतात, तर ब्रिटनमध्ये धक्का लागण्याआधी, नंतर आणि कधी कधी धक्का ज्याला बसला त्याच्याकडूनही ‘सॉरी’च ऐकू येते.

शेवटी स्वर चढवून विचारलेला ‘सॉरी?’ म्हणजे ‘काय म्हणालात, नीट ऐकू आले नाही’. त्यावर आपले वाक्य पुन्हा बोलावे, ‘इट्स ओके’ म्हणू नये. याच कामासाठी ‘पार्डन?’ही चालते. ‘एक्स्क्यूज मी?’ मात्र ठासून म्हटले गेले तर ‘हे तुम्ही काय बोललात!’ असा राग त्यात असू शकतो, म्हणून परक्या माणसाशी बोलताना ‘सॉरी?’ अधिक निर्धोक.

प्रश्न : एका संस्थेने तक्रारीला उत्तर देताना ‘वी आर सॉरी इफ एनीवन वॉज ऑफेंडेड’ असे लिहिले. व्याकरण बरोबर असूनही हे वाक्य मनाला का लागते?

कारण त्यातला ‘इफ’. कोणी दुखावले गेले आहे, हे तक्रार करून तुम्ही सांगितलेलेच होते. तरीही ‘कोणी दुखावले गेले असेल तर’ असे म्हटले की तुमच्या सांगण्यावरच शंका घेतली जाते. शिवाय ‘एनीवन’मुळे दुखावलेला माणूस अनामिक होतो आणि कर्मणी प्रयोगामुळे दुखावणारा वाक्यातून नाहीसाच होतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये माफीचे विश्लेषण करताना म्हटले होते की माफी मागणारा स्वतःचे दोन भाग करतो : एक भाग अपराधी ठरतो आणि दुसरा त्याच्यापासून दूर होऊन मोडलेल्या नियमाच्या बाजूने उभा राहतो. तुम्हाला आलेल्या वाक्यात दुसरा भाग ऐटीत उभा आहे आणि पहिल्याचा पत्ताच नाही. ‘आय ॲम सॉरी यू फेल्ट दॅट वे’ हे वाक्यही याच पठडीतले. त्यात खंत तुमच्या भावनेबद्दल आहे, स्वतःच्या कृतीबद्दल नाही.

‘सॉरी, बट’ने सुरू होणारी वाक्ये या मापाने मोजू नयेत. ‘सॉरी, बट वी आर क्लोज्ड’ म्हणणारा माफीचा आव आणत नसतो, तो नकाराला मऊपणा देत असतो, आणि तसे करण्यात काही वावगे नाही.

संस्थेने ‘वी आर सॉरी दॅट अवर लेटर ऑफेंडेड यू’ असे लिहिले असते, तर फक्त कर्ता, कर्म आणि एक उभयान्वयी अव्यय बदलले असते आणि तुम्हाला कदाचित हे पत्र लिहावे लागले नसते. ‘इफ’ प्रामाणिक असतो तो, जे घडले की नाही हे बोलणाऱ्याला खरोखरच ठाऊक नसते तेव्हा. रात्री उशिरा फोन करणारा ‘सॉरी इफ आय वोक यू’ म्हणतो, तेव्हा तुम्ही जागे होता की झोपला होता हे त्याला तुमच्याकडूनच कळायचे असते.